तिला पैसे कशाचे देतो आपण?

पल्स पोलिओच्या काळात दारांवर, भिंतींवर खडूने काहीतरी खरडलेलं असायचं, आठवतंय का? तारीख, घराचा नंबर, एखादा बाण आणि एक खूण. इंग्रजी पी असेल तर या घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला, आणि फुली असेल तर कुणीतरी राहिलंय. मूल आजोळी गेलंय, किंवा घराला कुलूप आहे, किंवा दार उघडून सरळ "नको" म्हणून सांगितलंय. बूथचा रविवार संपला की पुढचे दिवस त्या फुलीच्या घरांचे असायचे. परत जायचं, परत विचारायचं, फुली पुसून पी करायचा.

भारतातला वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. त्या यशाच्या गोष्टीत लस असते, कोल्ड चेन म्हणजे ती लस थंड ठेवत गावापर्यंत नेणारी साखळी असते, अमिताभची जाहिरात असते, आणि ते सगळं खरंच आहे. पण शेवटची काही वर्षं भांडण उरलं होतं ते या फुलीच्या घरांशी. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या वस्त्यांमध्ये लोक नको म्हणायचे त्यात अफवा होत्याच, या थेंबांनी पुढे मूल होत नाही वगैरे, पण अफवेच्या खाली एक अगदी रास्त सवाल होता. गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही, दवाखान्यात औषध नाही, तेव्हा कुणी फिरकत नाही, मग हे दोन थेंब घेऊनच सारखे सारखे का येता? याचं उत्तर जाहिरातीत नव्हतं आणि जिल्ह्याच्या साहेबांकडेही नव्हतं. युनिसेफने तिथे मोहल्ल्यातल्याच बायका कामाला घेतल्या, त्यांनी घरोघरी बसून बोलायला सुरुवात केली, कुठे मशिदीतल्या मौलवींना सोबत घेतलं, कुठे घरातल्या आजीला, आणि पुढेपुढे तर पोलिओसोबत हात धुणं, जुलाब, अंगावरचं दूध या गोष्टीही बोलण्यात आल्या. म्हणजे लोकांनी जो सवाल विचारला होता त्याचं निदान अर्धं तरी उत्तर घेऊन ती बाई दारात उभी राहिली.

मी डॉक्टर नाही आणि आरोग्य खात्यातही नाही. पण अशा घरोघर फिरणाऱ्या बायकांशी, म्हणजे आताच्या आशा, गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, त्यांच्याशी गप्पा मारायची मला जुनी खोड आहे. सर्व्हेला कुणी आली की मी उत्तरं देण्याऐवजी तिलाच प्रश्न विचारत बसतो, आणि ती घड्याळाकडे बघत बघत पण बोलते. अशा गप्पांमधून एक कळलं, की गोळ्यांची पिशवी, वजनकाटा, थर्मामीटर ही तिची हत्यारं दुसऱ्या नंबरची. पहिलं हत्यार म्हणजे तिला माहीत असतं. कुठल्या घरातली सून पाळी चुकल्याचं अजून कुणाला सांगत नाहीये, कुठे खोकला तीन आठवड्यांच्या वर गेलाय पण टीबीचं नाव निघालं तर पोरीचं लग्न अडेल म्हणून सगळे गप्प आहेत, कुठल्या घरात शेवटचा शब्द सासूचा आणि कुठल्या घरात दिराचा, आणि दीर घरी कधी नसतो. हे कुठल्याच फॉर्ममध्ये भरता येत नाही.

आणि जे फॉर्ममध्ये नसतं ते वरच्यांना दिसतच नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये बायकांची तपासणी करून त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले होते, त्यात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास निघाला, आणि त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे जवळजवळ अख्खं गाव दुखणं अंगावर काढत होतं आणि सरकारी आकडेवारीत ते जवळपास नव्हतंच. ही दरी पन्नास खाटांचं नवं हॉस्पिटल बांधून भरत नाही, कारण अडचण खाटांची नाहीच, कुणाला सांगायचं ही आहे.

बरं, ही आयडिया काही आजची नाही. १९३० च्या दशकात चीनच्या डिंगशियान भागात सी. सी. चेन नावाच्या डॉक्टरांनी हिशोब मांडला की खेड्यांना पुरतील इतके डॉक्टर तयार व्हायला पिढ्या जातील, मग त्यांनी गावातल्याच शेतकऱ्यांना थोड्या दिवसांचं ट्रेनिंग देऊन एक औषधपेटी दिली. काम काय, तर देवीची लस टोचायची, जन्ममृत्यूची नोंद ठेवायची, मलमपट्टी करायची, विहीर स्वच्छ ठेवायची. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी याच विचाराचं भलंमोठं रूप म्हणजे चीनचे ते प्रसिद्ध अनवाणी डॉक्टर, जे शेतात राबता राबता मधेच उठून पेशंट बघायचे. १९७० च्या दशकात त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटाला जगभरचे देश जमले आणि "२००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य" असं जाहीर करून मोकळे झाले, तेव्हा हा चीनचा नमुना सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता.

आणि आपल्या महाराष्ट्रातल्या जामखेडचाही होता. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० मध्ये तिथे गेलं. आधी त्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं, गावांमध्ये ट्रेन्ड नर्सेस पाठवल्या. जमलं नाही. नर्स बाहेरची, तिला गावात राहणं अवघड, आणि गावातल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करेनात. मग गावानेच निवडलेल्या बायका घ्यायचं ठरलं, त्यात कित्येकजणी निरक्षर, कित्येकजणी दलित, टाकलेल्या, विधवा. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरत नव्हते त्या काळात हे चाललं होतं, त्यामुळे माझ्या मते तिथलं पहिलं ट्रेनिंग हेच, हगवणीवर काय द्यायचं ते नंतर. शिवाय दर आठवड्याला भेट म्हणजे मागच्या आठवड्यात काय फसलं ते सांगायला हक्काची जागा. हल्लीच्या "दोन दिवसीय कार्यशाळे"त चहा, बिस्किट आणि पॉवरपॉइंट असतं, ही जागा नसते.

त्याच सुमारास दिल्लीनेही एक प्रयोग केला होता जो आता कुणाला आठवतही नाही. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने, राज नारायण आरोग्यमंत्री असताना, हजार वस्तीमागे एक जन स्वास्थ्य रक्षक नेमायला सुरुवात केली. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, औषधांचा एक डबा आणि महिन्याला ५० रुपये. निवड गावाने करायची असं कागदावर होतं, पण गावाने म्हणजे कुणी ते तुम्हाला आम्हाला माहितीये, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पुरुष आले. बाळंतपण, पाळी, अंगावरचं जाणं हे गावातली बाई सरपंचाच्या पुतण्याला कशी सांगणार? योजनेचं नाव बदललं, परत बदललं, मानधन वाढवा म्हणून मागण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि ती हळूहळू विझली.

म्हणजे एकाच दशकात, एकाच देशात, जवळपास एकच कल्पना. जामखेडला चालली आणि दिल्लीची बुडाली. यावर मी बराच विचार केलाय. बाई की पुरुष हे एक कारण झालं, निवड खरी की खोटी हे दुसरं, दर आठवड्याची साथ हे तिसरं. पण जसजसं जगातल्या इतर ठिकाणांबद्दल वाचत गेलो तसतसं मला आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटायला लागली, जिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही कारण ती जरा अवघड जागेची आहे. ती म्हणजे पैसा. किती, हा मुद्दा आहेच, पण त्याच्याही आधी, नेमका कशाचा?

चीनचंच बघा. अनवाणी डॉक्टरला कम्यूनमधून, म्हणजे गावाच्या सामूहिक शेतीतून, वर्क पॉइंट्स मिळायचे, जसे शेतात राबणाऱ्याला मिळायचे तसेच. पेशंट आला काय, न आला काय, त्याची कमाई ठरलेली. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कम्यून मोडल्या, गावाचा आरोग्यनिधी गेला, १९८५ मध्ये ते नावही अधिकृतपणे गेलं आणि उरले ते "गावचे डॉक्टर", ज्यांचं पोट भरायचं औषधं विकून. माणसं बरीचशी तीच, गाव तेच. पण आता त्याच माणसाला विहीर साफ ठेवण्यात काही मिळत नव्हतं आणि सलाईन लावण्यात मिळत होतं. काय झालं असेल ते सांगायला नको, गरज नसताना इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक्स यांचा सुकाळ झाला.

याच्या बरोबर उलटं उदाहरण बांगलादेशचं, आणि ते मला इतकं आवडतं की कुणी भेटलं की मी ते सांगतोच, घरच्यांना आता पाठ झालंय. जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं की माणूस वाचतो हे १९६८ च्या सुमारास ढाक्यातल्या कॉलरा संशोधन केंद्रात सिद्ध झालं होतं. १९७१ च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमच्या ड्रम पाणी तयार करून नातेवाइकांच्याच हातात दिलं आणि कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पण छावणीत माणसं समोर असतात. देशभरच्या घराघरात हे पोचवायचं कसं? ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं बायकांच्या टोळ्या गावोगाव पाठवल्या. पाकिटं वाटली नाहीत. घरात जे आहे, मीठ आणि गूळ, त्याचंच पाणी करायला शिकवलं, चिमूट किती, मूठ किती, पाणी किती, आणि नुसतं सांगून उठायचं नाही तर त्या आईकडूनच करून घ्यायचं.

आता गंमत पगाराची. काही दिवसांनी दुसराच माणूस त्या गावात जायचा, त्यातली काही घरं निवडायचा आणि आईला विचारायचा, कधी द्यायचं, किती द्यायचं, दाखवा करून. आईला जितकं नीट आठवेल तितके शिकवणारीला पैसे जास्त. किती घरं केली याचे नुसते पैसे नाहीत! आईच्या डोक्यात काय उरलं याचे. मग ती बाई घाई कशाला करेल? ती दोनदा सांगेल, हसत सांगेल, सासूलाही बोलावून बसवेल. सुरुवातीला अडचणी आल्याच, बायकांना आठवत होतं पण वापर होत नव्हता, मग शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. तेही दुरुस्त केलं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांमध्ये एकेका आईला समोर बसवून हे शिकवून झालं. आज बांगलादेशात जुलाबाला घरचं पाणी पाजणं ही आईकडून मुलीकडे जाणारी गोष्ट आहे, ती कधीतरी कुणी शिकवायला आलं होतं हेही बऱ्याचजणींना माहीत नसेल.

पैसे ज्याचे देता त्याचीच ती होते, एवढं सरळ आहे हे. विक्रीचे दिलेत तर विक्रेती, शिकवल्याचे दिलेत तर शिक्षिका.

मग आपली आशा कोण झाली?

२००२ मध्ये छत्तीसगडने मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्य-मैत्रिणी, नेमल्या, त्यावरून बरंच शिकून एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत आशा आली. हजार वस्तीमागे एक, त्याच गावची, बाईच हवी. १९७७ च्या चुका लक्षात ठेवल्या होत्या म्हणायला हरकत नाही. फक्त पगार ठेवला नाही, कामागणिक मोबदला ठेवला. बाळंतपणाला हॉस्पिटलमध्ये नेलं की इतके, लसीकरण पूर्ण झालं की इतके, टीबीचा पेशंट पूर्ण गोळ्या घेऊन बरा झाला की इतके. आणि याचा परिणाम झाला, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. दवाखान्यात होणारी बाळंतपणं २००५-०६ च्या पाहणीत ३९ टक्के होती ती २०१५-१६ मध्ये ७९ टक्क्यांवर गेली. आईला पैसे मिळत होते, आशाला मिळत होते, रात्री दोन वाजता गाडी मिळवून द्यायला कुणीतरी होतं. दवाखान्यात पोचल्यावर तिथे डॉक्टर आहे का, रक्त आहे का, की पुढे जिल्ह्याला पाठवतात, हे मात्र तिच्या हातात नव्हतं, आणि तिथे काही वाईट झालं की गावात परत येऊन तोंड द्यायला तीच. शिव्याही तिलाच.

पण यादी केली की यादीबाहेरचं काम फुकटचं होतं, हे कुठल्याही नोकरीत होतं तसंच. मुलगी झाली म्हणून जेवण सोडून बसलेल्या बाईपाशी दुपार घालवली त्याचा कॉलम नाही. नवऱ्याला एकीकडे घेऊन समजावलं त्याचा कॉलम नाही. गर्भपातानंतर ताप आलेल्या पोरीला गुपचूप दवाखान्यात नेऊन आणलं, त्याचा तर कॉलम असून चालणारच नाही. आणि नेमक्या याच कामांमुळे पुढच्या वेळी तिला दार उघडतं, मग लसीकरणाचा कॉलम भरतो. सरकार फळाचे पैसे मोजून देतं, मशागत तिने पदरची करायची.

यातलं सगळ्यात बोचणारं उदाहरण सांगतो. बंग दांपत्याच्याच सर्च संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन, ऊब, अंगावरचं दूध, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा कसा, आणि हो, इंजेक्शनसुद्धा. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात, ज्यांना आकडे नीट मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी मणी सरकवून श्वास मोजायचं एक साधं यंत्र बनवलं होतं, एक मिनिटाची वाळू संपेपर्यंत मणी सरकवत राहायचे, लाल मण्यापर्यंत गेलात तर धोका. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. जगभरच्या तज्ज्ञांनी मान वर करून बघितलं, कारण तोवर नवजात बाळ वाचवायला काचेची पेटी आणि बालरोगतज्ज्ञ लागतोच असं धरून चाललेलं होतं.

२०११ मध्ये हे काम देशभर आशांकडे आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. मोबदला २५० रुपये, सगळ्या भेटी मिळून. तोही केव्हा, तर वजन कार्डावर लिहिलेलं हवं, जन्माची नोंद हवी, सुरुवातीच्या लसी झालेल्या हव्यात, आणि आई आणि बाळ दोघंही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप हवेत.

ही शेवटची अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत वर जाऊन परत वाचली. म्हणजे कमी वजनाचं, मलूल, नीट ओढून दूध न पिणारं बाळ, ज्याच्या घरी ती सहा नाही तर बारा वेळा गेली असेल, रात्री उठून गेली असेल, ते गेलं तर? अट लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलच, त्याला वाटलं असेल की निकालाला पैसे जोडले की काम नीट होईल. पण बाळ वाचणं हा काही एकट्या तिच्या हातातला निकाल नाही. ब्रॅकने जे मोजलं, आईला आठवतंय का, ते शिकवणारीच्या बऱ्यापैकी हातात होतं. काय मोजायचं हे ठरवताना ते तिच्या आवाक्यात आहे का हे कुणीतरी बघायला नको?

आता कुणी म्हणेल की मग पैशाचं लफडंच नको, सेवाभावानेच करू देत. नेपाळ १९८८ पासून तसंच करतंय, तिथे जवळपास ५० हजार महिला स्वयंसेविका आहेत, पगार नाही, किरकोळ भत्ते आहेत, आणि वर्षातून दोनदा व्हिटॅमिन ए च्या कॅप्सूल देशभर पोचवण्यापासून बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यापर्यंत त्यांनी केलेलं काम खरोखर थक्क करणारं आहे. तिथे असंही म्हणतात की पगार घेतला तर गावातला मान कमी होईल, लोक म्हणतील पैशासाठी करते. मला हा मुद्दा पूर्ण खोटा वाटत नाही. पण तो मुद्दा डॉक्टरांना कुणी का लावत नाही? कलेक्टरचा मान पगारामुळे कमी झाल्याचं ऐकलंय का कुणी? मान आणि पैसा यातलं एकच निवडा असं फक्त बायकांनाच सांगितलं जातं, आणि त्यातही गरीब बायकांना.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलल्या होत्या. त्या झगमगत्या हॉलमधली झुंबरं दाखवून त्यांनी सांगितलं, डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर पण महाग आणि लांबचे, आणि आम्ही पणतीसारख्या, साध्या, स्वस्त, एकीवरून दुसरी पेटवता येते. सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. ही गोष्ट आरोग्याच्या क्षेत्रात इतक्या वेळा सांगितली जाते, की मला कधीकधी शंका येते त्यातला "स्वस्त" हा एकच शब्द सगळ्या अर्थखात्यांनी उचलला. पणतीत तेल घालावं लागतं हे टाळ्यांच्या आवाजात राहून गेलं. जामखेडने ते विसरलं नव्हतं, तिथे या बायकांना शेळ्या घ्यायला, छोटे धंदे करायला कर्ज मिळायचं, म्हणजे घर त्यावर चालावं आणि गावापुढे हात पसरायला लागू नये.

इथिओपियाने २००३ नंतर वेगळा रस्ता धरला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुली, वर्षभराचं ट्रेनिंग, प्रत्येक केबेलेत म्हणजे सगळ्यात खालच्या प्रशासकीय भागात दोघी, आणि सरकारी पगार. तीस हजारांवर मुली नेमल्या. सगळे म्हणाले वा. मग काही वर्षांनी काम वाढलं आणि त्यांच्या खाली आणखी एक थर तयार केला, पाच घरांमागे एक बाई, बिनपगारी. म्हणजे एका बाईला पगार दिल्यावर फुकटची दुसरी शोधली! हे वाचून मी हसलो, मग हसू काही टिकलं नाही.

ब्राझील मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं. १९८७ मध्ये सियारा राज्यात दुष्काळ पडला होता, तेव्हा रोजगार म्हणून बायकांना आरोग्याच्या कामाला लावलं, ते इतकं लागू पडलं की १९९१ मध्ये देशभर झालं. प्रत्येक कार्यकर्तीकडे ठरावीक घरं, जास्तीत जास्त ७५० माणसं, आणि प्रत्येक घरी महिन्यातून एकदा जायचं, कुणी आजारी असो नसो. म्हणजे तिच्या पगारात "काही नाही, सहज आले होते" ही भेटसुद्धा धरलेली आहे. त्या सहज भेटीतच तर सगळं कळतं हो. वाटेत त्यांनाही भांडावं लागलं, पण २००६ मध्ये त्यांच्या भरतीची तरतूद थेट राज्यघटनेत आली, आणि २०२२ मध्ये आणखी एक दुरुस्ती होऊन त्यांचा पगार किमान वेतनाच्या दुपटीपेक्षा कमी असणार नाही हेही घटनेत लिहिलं गेलं.

त्याच २०२२ मध्ये, मे महिन्यात, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. कोविडमध्ये त्यांनी जे केलं ते बघता योग्यच होता, घरोघर ऑक्सिजन मोजत फिरल्या, काही ठिकाणी मारही खाल्ला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून केरळात, जिथलं आरोग्य आपण सगळे उदाहरण म्हणून सांगतो तिथे, सचिवालयासमोर आशा महिनोन्महिने धरणं धरून बसल्या होत्या. मागणी काय, महिन्याला २१ हजार मानधन आणि निवृत्तीच्या वेळी ५ लाख रुपये.

उगाच देवी वगैरे करायचं नाहीये मला. त्याही जातीपातीतूनच येतात, काहीजणी विशिष्ट वस्तीवर जातच नाहीत किंवा दारातूनच परत येतात, काहींचं ट्रेनिंग कच्चं असतं, पिशवीतली औषधं महिनोन्महिने संपलेली असतात आणि काहीजणी घरी बसून रजिस्टर भरतात. आता तर रजिस्टर वेगळं, ॲप वेगळं, आणि ॲप चालत नाही म्हणून परत कागद वेगळा. ज्या बाईची ताकद गप्पांमध्ये आहे ती मोबाईलमध्ये मान खाली घालून बसली की समोरची सून मनातलं काय सांगणार? डेटा लागतो, मान्य, डिंगशियानमध्येही जन्ममृत्यू लिहायचं काम पहिलं होतं. पण तिथे तो आकडा त्याच गावातल्या लोकांच्या कामाला यायचा, इथे तो वर जातो आणि परत येतो तो टार्गेट होऊन.

एवढं सगळं वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात एक स्कीम तयार झाली होती, अशा स्कीम घरबसल्या छान तयार होतात. आधी पगार, पक्का, ब्राझीलसारखा, ठरलेल्या घरांचा. त्याच्या वर थोडा बोनस, ब्रॅकच्या पद्धतीचा, म्हणजे वर्षातून काही घरांमध्ये जाऊन आयांना विचारायचं, बाळ निळं पडायला लागलं तर काय करायचं, ताप आला तर कधी न्यायचं, आणि त्यांना जितकं नीट येईल तितके हिला जास्त. मेलेल्या बाळाचा हिशोब तिच्या खात्यातून कायमचा काढायचा. मला ती स्कीम चांगलीच वाटत होती, अजूनही वाटते. परवा सर्व्हेला आलेल्या ताईंना मी ती सगळी उत्साहाने समजावून सांगितली, ढाका, सियारा सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "म्हणजे परीक्षा तिची आणि नापास मी, असंच ना?" मी म्हटलं तसं नाही हो ताई, पगार तर पक्का राहील ना. तर म्हणाल्या, "बरं. पण आधी ते मागचे तीन महिने थकलेत तेवढे द्यायला सांगा त्यांना. बाथरूममध्ये पाणी साठवलेली टाकी आहे का? झाकण असतं का तिला?"